गाणे मुलीचे, पट्टी बाबूजींची

मंडळी, हा लेख वाद घालण्यासाठीच लिहितो आहे. तेव्हा आधी माझी कबुली देऊन टाकतो. तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका दिवाळी कार्यक्रमात माझी बारा वर्षांची मुलगी गीतरामायणातले सीतेच्या तोंडचे एक गाणे गायला उभी राहिली. लॅपटॉपवर कराओके ट्रॅकचे बटण दाबणारा मीच होतो. ट्रॅक होता पुरुषाच्या पट्टीतला. घरी ती पेटीवर चार-पाच स्वर वर घेऊन छान गात असे. स्टेजवर मात्र मुखडा तिच्या आवाजाच्या तळाशी गेला आणि माईक असूनही ऐकू येईना. अंतऱ्याला तिने घाबरून वरचे सप्तक धरले, ते पेलेना. तिसरे कडवे गाळून ती खाली आली. टाळ्या भरपूर पडल्या. अशा टाळ्या कशासाठी असतात ते मुलांना बरोबर कळते. त्यानंतर दोन वर्षे तिने मराठी गाणे म्हटले नाही.

पट्टी बदलून घेऊया, असे मी तालमीच्या वेळी सुचवले होते. एक ज्येष्ठ संयोजक म्हणाले, "अहो, बाबूजींच्या गाण्याला हात लावायचा नसतो. मूळ आहे तसेच झाले पाहिजे." मी गप्प बसलो. माझा राग त्यांच्यापेक्षा माझ्या त्या गप्प बसण्यावर जास्त आहे.

आता हे "मूळ" म्हणजे काय ते पाहू. गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. गदिमांनी दर आठवड्याला एक गाणे लिहायचे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची, अशी ५६ गाणी वर्षभर चालली. ती सगळी एकट्या बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक अशा कितीतरी जणांमध्ये ती वाटलेली होती. सीतेची, कौसल्येची, अहल्येची गाणी बायकांच्या आवाजात, बायकांच्या पट्टीत घराघरांत पोचली. पुढे बाबूजी ५६ची ५६ गाणी स्वतः गाऊ लागले. तेव्हा त्यांनी काय केले असेल? सीतेचे गाणे गायिकेच्या पट्टीतून उचलून स्वतःच्या पट्टीत आणून ठेवले. पुढच्या कॅसेट आपण आखातात येताना कपड्यांच्या घड्यांत जपून आणल्या. आपले "मूळ" ते, म्हणजे खुद्द संगीतकारानेच नव्या गायकासाठी, म्हणजे स्वतःसाठी, बदलून घेतलेले!

म्हणजे माझ्या मुलीला पट्टी वाढवून मिळाली असती, तर गाणे १९५५ च्या जास्त जवळ गेले असते.

हे काही एकच उदाहरण नाही. याच गाण्यांचे हिंदी, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषांत अनुवाद झाले आणि ते मूळ चालींवर गायले गेले. जे गाणे दुसरी भाषा अंगावर घेऊन उभे राहते, ते दुसऱ्या पट्टीने मोडेल? 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ सालचे. अभिषेकीबुवांनी त्यात एकाच पदाला दोन चाली लावल्या, एक पंडितजींच्या गायकीला शोभणारी, एक खाँसाहेबांच्या. गाणारा बदलला की गाणे कसे बदलते, हे त्यांनी भर रंगभूमीवर दाखवून दिले. २०१५ च्या चित्रपटात जुन्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. त्यात गायला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते आणि अमेरिकेत राहणारे महेश काळेही. आपण सगळ्यांनी तो डोळे पुसत पाहिला, आणि घरी येऊन मुलांना सांगितले, "ट्रॅकबरोबरच म्हण हं."

मी पोटापाण्यासाठी लोकांच्या जुन्या संगणक प्रणाली नव्या यंत्रांवर नेऊन बसवतो. अमेरिकेत एम.एस. करताना पहिला धडा हाच मिळाला की, आधी काय बदलायचे नाही ते ठरवा, मग बाकीचे मोकळेपणाने बदला. गाण्यात न बदलायचे ते म्हणजे शब्द आणि चाल. पट्टी, वाद्ये, मधले म्युझिक आणि थोडीफार लय ही त्या गायकाची, त्या दिवसाची सोय. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' हे पुस्तकच लिहून ठेवले आहे. शब्द पोचणे हे ज्या गायकीचे ब्रीद, तिथे शब्द ऐकूच न येणाऱ्या पट्टीत पोरीला उभे करणे ही कसली निष्ठा?

समोरच्यांच्या भीतीत तथ्य आहे, हे मान्य. रीमिक्सच्या लाटेत भावगीतांच्या मागे ढोल बडवलेले मीही ऐकले आहेत. आज पट्टी बदलाल, उद्या चाल बदलाल, असे त्यांना वाटते. पण यावर उपाय म्हणजे जाणकार माणूस बसवणे. कराओकेत तर कोणीच बसलेले नसते! तो ट्रॅक कोणी, कुठे, कोणत्या चुका करून बनवला हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्याला आपण "मूळ" म्हणतो. सॉफ्टवेअरने तो ओढून चार-पाच स्वर वर नेला की तबला डबा बडवल्यासारखा वाजतो. तेव्हा तोही उपाय नाही.

उपाय जुनाच आहे. मुलाला आधी गाऊन घ्या. अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर कुठे सुखाने लागतो ते पाहा, मुखड्यातला खालचा तपासा आणि त्यावरून पट्टी ठरवा, काळी तीन येवो की पांढरी पाच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांची पट्टी कार्यक्रमाच्या आठवड्यात पुन्हा तपासा. मग एक पेटी, एक तबला, मिळाली तर बासरी. मधले म्युझिक लांबलचक असेल तर निम्मे करा; ऐंशी वादकांचा तुकडा दोघांनी ओढत बसण्यात काही शोभा नाही.

वादक मिळत नाहीत, ही सबब मला सांगू नका. गेल्या वर्षी कराम्यातल्या एका मल्याळी कीबोर्डवादकाने आमच्या घरी येऊन तेच गाणे तासाभरात बसवून दिले. त्याला मराठीचे एक अक्षर येत नाही. त्याने मुलीला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला, ती इंग्रजीत सांगत गेली. एका ओळीचा अर्थ तिला येईना, तेव्हा तिने आईला हाक मारली. दोघींनी मिळून तो लावला आणि त्या ओळीनंतर त्याने वाद्ये थांबवून श्वासापुरती जागा सोडली. फराळाला जमलेल्या पंधरा माणसांसमोर ती तिन्ही कडवी गायली. हो, गाळलेले तिसरेसुद्धा.

आपल्या कार्यक्रमांचा बराचसा पैसा भारतातून येणाऱ्या कलाकारांवर जातो. जावा, त्यांना ऐकायला मलाही आवडते. पण त्यातला एक लहानसा हिस्सा तालमींसाठी ठेवा. गणेशोत्सवाआधी चार शनिवार, एक पेटीवाला, एक तबलजी आणि मुलांची पट्टी ठरवणारा एक जाणकार, एवढीच मागणी मी समितीकडे लेखी दिली आहे. जागेचा प्रश्न असेल तर आमचा हॉल रिकामा आहे. फक्त खालच्या पार्किंगचे तुमचे तुम्ही बघा.