गंगेकाठचं गंगाखेड

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण काठावरचं गाव बघायचं तर लांब कशाला जायचं? परभणीहून परळीच्या रेल्वेत बसा. गोदावरीचा पूल आला, की डब्यातल्या आजीबाई हात जोडतात आणि म्हणतात, "गंगा आली!" पुस्तकात गोदावरी, तोंडात मात्र गंगा. तिच्यावरूनच गावाचं नाव गंगाखेड.

सुमारे सातशे वर्षांपूर्वी याच गावात दमा आणि करुंड यांच्या पोटी जनी जन्मली. लहानपणीच ती पंढरपूरला, संत नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, पाणी भरणं, शेण्या वेचणं! शाळा कुठली हो? तरी तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. आजीला विचारा, एखादा तरी पाठ असेलच. पंढरपूरला जाणारी शेगावची पालखीही जनाबाईच्या या गावावरूनच जाते.

आता या गंगेची एक गंमत, खरं तर धास्ती. इथं आभाळ स्वच्छ असलं तरी पूर येऊ शकतो! कसा? वर पैठणला जायकवाडी धरण आहे, १९७६ साली पूर्ण झालेलं. नाशिककडे मुसळधार पाऊस झाला, धरण भरलं, की दारं उघडावी लागतात, आणि ते पाणी खाली येतं. ऑगस्ट २००६ मध्ये असंच झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर वरून पाणी आणि इथंही पाऊस. काठच्या गावांतलं सोयाबीन, कापूस पाण्याखाली गेला.

उन्हाळ्यात उलट. पात्रात डबकी आणि वाळू. ही वाळू साधी नाही बरं का! ती पाणी धरून ठेवते, म्हणून काठच्या विहिरींना झरे असतात. ती उपसली, की विहिरी आटतात आणि पात्रात खोल खड्डे राहतात. पावसाळ्यात वरून पाणी सपाट दिसतं, खालचा खड्डा दिसत नाही. पोहणारी पोरंसुद्धा तिथं फसतात. तेव्हा घाट सोडून कुठंही उडी नको!

गंगाखेडला गेलात तर तालुक्यातलं धारासूर चुकवू नका. गोदाकाठीच गुप्तेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघा. एकीसारखी दुसरी सापडते का, ते आम्हाला पत्रानं कळवा.