पोटावारीचे नवे बारसे

भाताची कापणी आणि दिवाळी यांचे नाते जुने आहे. पनवेलहून पेणच्या किंवा माथेरानच्या बाजूस निघावे, तर इमारती, गुदामे आणि नवा विमानतळ यांच्या तोंडून जी खाचरे अजून सुटली आहेत, त्यांत या दिवसांत विळे चालू असतात. त्या खाचरांच्या बांधावर अलीकडे एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. तो शहरातला आहे, शिकलेला आहे, बहुधा विशी-पंचविशीतला आहे. तो मजूर नव्हे, कारण त्याला मजुरी नाही. घरचाही नव्हे, कारण त्याला नाते नाही. दिवसाचे चार-पाच तास त्याने शेतात काम करावयाचे आणि मालकाने त्याला निजायला जागा, दोन वेळचे जेवण आणि ‘अनुभव’ द्यावयाचा, असा हा करार. पैशाची भाषाच नाही! ऐकणाऱ्याला वाटते, सत्ययुग आले.

सत्ययुगाची मला शंका आहे, आणि सणासुदीच्या दिवशी ती बोलून दाखवितो म्हणून वाचकांनी रागावू नये. चकलीबरोबर थोडा ठेचाही चालतो.

या व्यवहाराची विलायती जन्मकथा मोठी साधी आहे. स्यू कोपार्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या एका बाईंना शनिवार-रविवार खेड्यात घालवावेसे वाटले. १९७१ साली ससेक्समधील एका शेतावर चार जण गेले, राबले, जेवले आणि परत आले. त्यातून ‘वूफ’ नावाची चळवळ निघाली आणि देशोदेशी पसरली. त्या बाईंचे काही चुकले असे मी म्हणत नाही. सोमवारी ज्याची खुर्ची त्याची वाट पाहते आहे, त्याने रविवारी फुकट खणले तर त्यात कोणाचे काय गेले?

परंतु आपल्याकडे हा व्यवहार १९७१ साली जन्मलेला नाही. त्याला मराठीत फार जुने नाव आहे. ते नाव ‘पोटावारी’. पोटावारी राबणे म्हणजे केवळ पोटाला मिळते एवढ्यावर राबणे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी हा शब्द अंगावर वागविला, त्यांना ‘राहणे-खाणे आणि अनुभव’ ही नवी भाषा ऐकून हसावे की रडावे, हेच कळणार नाही.

डहाणू-उंबरगावचा मुलूख घ्या. तो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तेथील वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतले की तो ‘लग्नगडी’ होई. कर्ज फिटेपर्यंत त्याने जमीनदाराकडे राबावयाचे आणि ज्या बायकोसाठी कर्ज काढले तिनेही त्याच्याबरोबर राबावयाचे. मोबदला म्हणजे जेमतेम पोटाला लागेल एवढे धान्य. कर्जाचा आकडा मालकाच्या वहीत, वही मालकाच्या घरात आणि ती वाचता येणारा एकटा मालक. मग कर्ज फिटणार कधी? हळद उतरण्यापूर्वी सुरू झालेली ही चाकरी केस पांढरे झाले तरी सरत नसे. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि ‘यापुढे वेठ करणार नाही’ असे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० सालचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा इतिहास निराळा सांगावयास नको. आपल्या कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, कुळांची कहाणी थोडी वेगळी, पण जातकुळी तीच. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ साली खोतांची शेते कसावयाचे नाकारले आणि तो संप सहा वर्षे चालला. सहा वर्षे स्वतःच्या हाताला नांगर लावू न देणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल.

एवढ्या झगड्यानंतर कायदा आला. वेठबिगार घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविली. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी दराने करून घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय. कारण भूक हीसुद्धा एक सक्ती आहे. हे वाक्य माझ्या शब्दांत असले तरी त्यातला न्याय न्यायालयाचा आहे.

येथे कोणी म्हणेल, “अहो, शहरातल्या पोराला कोणती भूक आणि कोणती सक्ती? कंटाळा आला की तो एस.टी. पकडून घरी येईल!” अगदी खरे. पाहुणा आणि लग्नगडी यांच्यात जो काही फरक आहे तो या एस.टी.त आहे. एकाला परत जाता येते, दुसऱ्याला येत नव्हते. पाहुण्याला वेठबिगार म्हणण्याइतका मी अविचारी नाही. माझे म्हणणे निराळे आहे, आणि त्याकडे मी येतोच. पण त्याआधी दुसरा एक आक्षेप निकालात काढला पाहिजे.

तो आक्षेप गांधी-विनोबांच्या नावाने येतो. शरीरश्रम हे व्रत आहे, त्याला मजुरीचा मोह कशाला, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ भेटतात. विनोबा तर आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातले; १८९५ साली गागोद्यास जन्मलेले. त्यांनी १९५० च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, म्हणजे पैसा वर्ज्य करून स्वतःच्या श्रमावर जगण्याचा प्रयत्न केला. पण महाराज, त्या व्रताचे शब्द नीट ऐका! ‘जो खाईल त्याने राबावे’ असे ते व्रत सांगते. ‘जो राबेल त्याला फक्त खायला घालावे’ असे ते सांगत नाही. पहिले वाक्य मालकाला उद्देशून आहे, दुसरे मालकाच्या सोयीचे आहे. व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. दुसऱ्याकडून आपल्या फायद्यासाठी पाळून घ्यावयाचे नसते.

मग श्रमाच्या बदल्यात अन्न, निवारा आणि शिक्षण हा व्यवहार मुळातच खोटा काय? नाही. महाराष्ट्राने तो खरा करून दाखविला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुलांनी राबावे आणि शिकावे, ही त्यांची ‘कमवा आणि शिका’ योजना. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्याच संस्थेचे आहे. बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरविली; तेथेही तरुण राबले, जेवले, परतले. पण या दोन्ही ठिकाणी त्या घामाचे पीक कोणा एका मालकाच्या कोठारात गेले नाही. ते मागून येणाऱ्या मुलांना आणि आनंदवनच्या माणसांना पोचले.

शेतकऱ्यांचीही आपापसांतली एक रीत आहे. तिचे नाव ‘सावड’. आज माझी लावणी, तू ये. उद्या तुझी लावणी, मी येईन. पैसा नाही, ज्याचे शेत त्याच्याकडे जेवण. वरवर पाहता ही पोटावारीच! पण हिच्यात एक गोष्ट आहे जी पोटावारीत नाही, ती म्हणजे परतफेड. घाम ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येतो.

आता पनवेलच्या बांधावरच्या पाहुण्याला हे माप लावून पाहू. शेतमालक दोन प्रकारचे. एक खरा छोटा शेतकरी. एकर-दीड एकर भात, मागून वाल, मुलगा नवी मुंबईत नोकरीला, ऐन लावणीला माणूस मिळत नाही. तो पाहुण्याबरोबर स्वतः चिखलात उतरतो आणि दोघे एकाच टोपातला भात खातात. या माणसाशी माझे भांडण नाही. त्याच्याकडे खुशाल जा. दुसरा आहे शेतघरवाला. त्याने गुंठ्यागुंठ्यांनी जमीन घेतली, भोवती कुंपण घातले, आणि आता आंब्याची आळी खणायला शहरातली पोरे फुकट येतात म्हणून तो गावातल्या गड्याचा रोज वाचवितो. वर ‘अनुभव दिला’ म्हणून उपकारही करतो! त्या पोराने सोडलेली मजुरी त्याच्या स्वतःच्या खिशातून जात नाही, ती वाडीवरच्या कोणाच्या तरी चुलीतून जाते.

आणि अनुभव! तो नक्की देतो कोण? वैशाखात राब कसा भाजावा, चिखलणी केव्हा पुरी झाली म्हणावी, एका चुडात आवणाच्या किती काड्या धराव्या, त्या किती खोल रोवाव्या, विळा बोटावर न येता मूठ कशी कापावी, हे त्या तरुणाला शेतघरवाला शिकवीत नाही. त्याला ते येतच नाही. शिकविते ती शेजारच्या वाडीवरची ठाकरीण किंवा कातकरीण. ती कंबरेत वाकलेली, बोलणे थोडे, हसणे पुष्कळ. पाहुणा तिच्याकडे पाहून शिकतो, घरी जाऊन मित्रांना सांगतो की मी अमक्या साहेबांच्या शेतावर भातशेती शिकलो. विद्या तिची आणि गुरुदक्षिणा साहेबांना! मालक जो अनुभव देऊन श्रम विकत घेतो, तो अनुभव त्याच्या मालकीचाच नसतो. माझे सगळे भांडण या ठिकाणी आहे.

ही बाई दिवाळीनंतर कोठे जाते, हे पाहुण्याला ठाऊक नसते. कापणी-झोडणी आटोपली की रायगड-ठाण्याच्या वाड्यावाड्यांवरून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि कोळशाच्या भट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात हाताला काम नसताना भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल त्यांनी अंगावर फेडावयाची असते. हिशेब भट्टीवाल्याच्या वहीत. १९४५ च्या झरीची ती वही, वाचकहो, अजून पुरती मिटलेली नाही. मुले आईबापांबरोबर जातात आणि शाळा मागे राहते. जिच्याकडून आपण महिनाभर शिकलो, तिच्या मुलाला मात्र शिकता येत नाही, याची लाज कोणाला तरी वाटली पाहिजे.

म्हणून आपल्या घरातल्या चिरंजीवाने किंवा कन्येने ‘आई, मी पंधरा दिवस शेतावर जातो’ असे म्हटले, तर तिला किंवा त्याला अडवू नका. चिखल अंगाला लागलेला बरा. फक्त निघण्यापूर्वी तीन प्रश्न मालकाला विचारावयास सांगा. तुम्ही स्वतः माझ्याबरोबर राबणार काय? माझ्या येण्याने कोणाचा रोज बुडतो काय? आणि मला जे शिकवील त्या माणसाला शिकविण्याचा रोज तुम्ही निराळा देणार काय? तिसऱ्या प्रश्नाला जो मालक हसेल, त्याच्याकडे जाऊ नये.

शिवाय पाहुण्याने स्वतःची सावड फेडावी. त्याला नांगर धरता येत नाही, पण लिहिता-वाचता येते. भट्टीवर निघण्यापूर्वी त्या बाईची उचल किती ठरली, हे कागदावर लिहून एक प्रत तिच्या हाती ठेवावी. मुलाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून द्यावा, आश्रमशाळेत त्याचे नाव घालण्यासाठी तिच्याबरोबर तालुक्याला जावे. तिने त्याच्या हातात विळा दिला, त्याने तिच्या हातात वही द्यावी. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, हाच सावडीचा नियम. फक्त एकाचे शेत भाताचे आणि दुसऱ्याचे अक्षरांचे.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. गावाकडून आणून ‘खाऊन-पिऊन’ ठेवलेली एखादी मुलगी, जिला आपण ‘अगदी घरच्यासारखी’ म्हणतो, ती आपल्या किंवा शेजारच्या स्वयंपाकघरात या क्षणी फराळाची भांडी घासत असेल, तर हे सारे प्रश्न तिच्याबाबतही विचारून पाहावेत. घरच्यासारखी असेल तर तिची शाळा कोणती? आणि कामाची असेल तर तिचे वय काय, पगार किती? दोन्हींची उत्तरे नसतील, तर पोटावारी पाहण्यासाठी पनवेलपर्यंत जाण्याची गरज नाही.