नोझल घासून परत लावणारा मेकॅनिक स्वस्त पडत नाही

रोटरी ओव्हनच्या व्हिडिओत मी बर्नरवर जेमतेम दोन मिनिटं बोललो होतो. ते कमी पडलं, म्हणून आज फक्त नोझल.

मध्यंतरी एका बेकरीत गेलो होतो. डिझेलवरचा ओव्हन, पाव आणि खारीचं काम. मालक वैतागलेला. डिझेल जास्त लागतंय, पहिली ट्रॉली तापायला उशीर होतोय, आणि चिमणीतून काळा धूर. शेजारची बाई वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते म्हणून दोनदा भांडून गेलेली. मेकॅनिकने वर्षभरात दोन वेळा नोझल उघडून टाचणीने साफ करून परत लावलं होतं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "शेठ, हे बारीक पडतंय, एक नंबर मोठं टाकतो. ओव्हन लगेच तापेल." टाकलं. धूर अजून वाढला.

माझं स्पष्ट मत आहे, नोझल ही साफ करायची वस्तूच नाही. ती बदलायची वस्तू आहे, गाडीच्या ऑइल फिल्टरसारखी. ब्रिटन-आयर्लंडमध्ये गावाकडच्या घरांत पाणी तापवायला आणि घर उबदार ठेवायला तेलावरचे बॉयलर असतात. तिथे वर्षाच्या सर्व्हिसिंगमध्ये जुनं नोझल काढून नवं लावणं हा ठरलेला भाग असतो. तो बॉयलर थंडीचे काही महिनेच जोरात चालतो. आपला ओव्हन रोज पहाटे पेटतो, आणि आपण तेच नोझल तीन-तीन वर्षं घासत बसतो!

कारण समजून घ्या. नोझलचं भोक मिलिमीटरचा छोटासा भाग असतं. आतमध्ये बारीक तिरक्या खाचा असतात, त्या डिझेलला गरगर फिरवतात. म्हणून ते धुक्यासारखं बाहेर पडतं आणि हवेत नीट मिसळून जळतं. टाचणी घातली की भोकाच्या कडेला ओरखडा पडतो. मग एका बाजूला धुकं, दुसऱ्या बाजूला थेंब. थेंब पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. ती काजळी ओव्हनच्या आतल्या उष्णता देणाऱ्या पत्र्यांवर बसते आणि उष्णता अडवते. म्हणजे डिझेल जळतंय तुमचं आणि तापतेय चिमणी.

आता नंबरचं बघू. नोझलवर तीन गोष्टी कोरलेल्या असतात. पहिली, किती तेल. १.०० लिहिलं असेल तर तासाला एक अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण ३.८ लिटर. पण हा आकडा ७ बार दाबाचा आहे, आणि इथेच बरेच जण फसतात. पंप १० बारवर सेट केला असेल तर तेच १.०० चं नोझल तासाला ४.५ लिटर सोडतं. दुसरी गोष्ट, फवाऱ्याचा कोन, ४५, ६० किंवा ८० अंश. लांब आणि अरुंद चेंबरला कमी कोन, आखूड आणि रुंद चेंबरला जास्त. कोन चुकला तर ज्वाळा भिंतीला चाटते. तिसरी गोष्ट, फवारा पोकळ की भरीव. याची अक्षरं कंपनीप्रमाणे बदलतात. डेलाव्हनमध्ये ए म्हणजे पोकळ, बी म्हणजे भरीव. डॅनफॉसमध्ये एच पोकळ, एस भरीव. त्यामुळे नुसतं "बी द्या" म्हणून दुकानात जाऊ नका, कंपनीचं नाव सांगा.

बर्नरच्या पाटीवर किलोकॅलरी लिहिलेली असते. एक लिटर डिझेलमधून साधारण ८,५०० किलोकॅलरी मिळतात. पाटीवर तासाला ४० हजार असेल तर साधारण ४.७ लिटर झालं. १० बारला १.०० चं नोझल जवळपास बरोबर बसतं. त्या मालकाला मेकॅनिकने १.२५ लावलं होतं. म्हणजे तासाला साडेपाच लिटरच्या वर! आता कोणी म्हणेल, ओव्हन लवकर तापतो, थर्मोस्टॅट बर्नर लवकर बंद करतो, मग फरक काय? थोडं खरं आहे, खर्च सरळ पंचवीस टक्के वाढत नाही. पण ओव्हनचे पत्रे तेवढी उष्णता झटपट घेऊ शकत नाहीत, उरलेली वर निघून जाते. आणि तेल वाढवून हवेची झडप तशीच ठेवली तर धूर होणारच. त्या बेकरीत नेमकं हेच झालं होतं. जुनाच नंबर, पण नवं नोझल लावलं, लाइनचा फिल्टर बदलला, इलेक्ट्रोडचं अंतर आणि हवा सेट केली. धूर गेला.

मेकॅनिकला मी सरसकट दोष देत नाही. तालुक्याच्या गावात नोझल लगेच मिळत नाही आणि पहाटे तीनला पाव थांबवता येत नाही, हे मलाही कळतं. तशा वेळी चांगल्या डिझेलमध्ये भिजवून, टाचणी न घालता, त्या दिवसापुरतं लावा. पण म्हणूनच गल्ल्याजवळ बंद डबीतली दोन नोझल ठेवा. एका नोझलची किंमत सहसा तुमच्या एका दिवसाच्या डिझेलपेक्षा जास्त नसते. लावताना तोंडाला बोट लावू द्यायचं नाही. मेकॅनिकच्या खिशातलं सुटं नोझल तर घेऊच नका.

अजून एक, आणि हे कामगारांनाही सांगा. बर्नर लॉक झाला की लाल बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. दर वेळी न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये साचतं आणि शेवटी पेटतं तेव्हा भडका उडतो. एकदा दाबा, नाही पेटला तर मेकॅनिकला बोलवा.

तुमच्यापैकी बरेच जण सेकंडहँड ओव्हन बघताय, हे मला माहीत आहे. बघायला जाल तेव्हा बर्नर थंड असताना नोझल काढून दाखवायला सांगा, फोटो घ्या, आणि पंपावर गेज लावून दाब किती ते विचारा. पाटीवरच्या किलोकॅलरीशी हिशेब जुळतो का, तिथेच मोबाइलवर करा. विकणारा "नोझलचं काय बघता, ओव्हन बघा" म्हणाला, तर आतले पत्रे काजळीने भरलेले असू शकतात असं धरा आणि तेवढी किंमत कमी करूनच बोला.