सदोष मोटारीची विक्री

घरांत दीर्घकाळ नांदलेली मोटार विकावयाची वेळ आली म्हणजे कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दुरुस्त करून विकावी, चार पैसे अधिक येतील. दुसरा म्हणतो, आहे तशी विकावी, दुरुस्तीचा खर्च बुडीत जाईल. हा झाला हिशेबाचा वाद. परंतु त्याच्या पोटीं एक तिसरा प्रश्न असतो व तो सहसा कोणी उच्चारीत नाहीं: घेणारास आपण काय काय सांगणार?

आमची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी मीं गेल्या महिन्यांत विकली, तेव्हां हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होत असे. मूळची ती इटलीची फियाट. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें यंत्र आणि सुकाणूच्या खांबावर बसविलेला गिअरचा दांडा, हीं तिचीं लक्षणें अनेक वाचकांच्या स्मरणांत असतील. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमचा निरोप घेतला. आमच्या गाडींतून माझी मुलगी प्रथम शाळेंत गेली, पुढें तिची सासरीं पाठवणीही तींतूनच झाली. माझ्या मातोश्रींनीं पंढरपूरची शेवटची वारी केली ती याच गाडीनें. अशा वस्तूस बाजारांत मोल नसतें. उलट मोल ठरतें तें तिच्या दोषांवरून.

दोष चार होते. तळाचा पत्रा गंजला होता, रेडिएटर गळत होता, दुसरा गिअर निसटत होता आणि धूर निळसर येत होता. धूर काळा असता तर कार्ब्युरेटरची जुळणी करून भागलें असतें. निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून तेल जळूं लागल्याची खूण. हे सर्व दोष थोडक्या पैशांत झांकतां येतात. गंजावर लांबी भरून रंग द्यावा, यंत्रांत दाट तेल ओतावें म्हणजे धूर कांहीं दिवस मंदावतो, आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वीं रेडिएटर भरून ठेवावा. एका स्नेह्यांनीं मला इतकें नव्हे, पण याच्या अलीकडचें सांगितलें: "मास्तर, झांकूं नका, पण विचारल्यावांचून सांगूंही नका."

या सल्ल्यास कायद्याचा थोडासा आधार आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमांत घोड्याचीं उदाहरणें आहेत. घोडा सदोष आहे हें ठाऊक असूनही लिलावांत विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर दोष सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारानें "आपण नाहीं म्हटलें नाहीं, तर घोडा निर्दोष समजेन," असें म्हटलें असतां गप्प बसणें हें बोलण्यासारखेंच होय. जाणूनबुजून दोष झांकणें ही तर उघड फसवणूक. म्हणजे लांबी भरणें हें कपट, आणि मौन हें प्रसंग पाहून.

आमचे स्मृतिकार या बाबतींत घेणाराकडे अधिक कृपेनें पाहतात. विकत घेतल्यावर होणारा पश्चात्ताप हें मनूनें अठरा व्यवहारपदांपैकीं एक मानिलें. याज्ञवल्क्यानें परीक्षेचे दिवसही नेमून दिले: लोखंडास एक, दुभत्या जनावरास तीन, ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. आतां मोटार लोखंडांत धरावयाची कीं वाहकांत? माझा कौल पांच दिवसांचा. लोखंड डोळ्यांनीं पारखतां येतें. वाहनाचें शील तें चालविल्यावांचून कळत नाहीं.

गिऱ्हाइकें दोन आलीं. एका दलालानें चाळीस हजार देऊं केले. दोषांची यादी ऐकून तो हंसला व म्हणाला, "त्याची काळजी नको, रंग देऊन खपवूं." मग त्याच्या गिऱ्हाइकास कोण सांगणार? माझें सत्य त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच पोंचणार होतें. दुसरा आमच्याच पेठेंतील, मोटारी दुरुस्त करणारा तरुण. त्याची ऐपत बत्तीस हजारांची. त्याला मीं यादी लिहून दिली आणि विमा चालू असल्याची खात्री करून गाडी पांच दिवस चालवून पाहावयास दिली. चौथ्या दिवशीं तो आला व म्हणाला, "सर, यादींत एक राहिलें. मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर पाझरतो." तो दोष मला ठाऊक नव्हता. त्या दुरुस्तीचा खर्च मीं दिला. बाकीचे चारही दोष किंमतींत धरलेले होते. ब्रेक हा घासाघिशीचा विषय नव्हे. त्याच्याशीं रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा जीव बांधलेला असतो.

आरंभींच्या वादाचें उत्तर मला यांतच मिळालें. ज्या दुरुस्तीवर प्राण अवलंबून, ती विकण्यापूर्वीं करावी. जी केवळ रूपासाठीं, ती करूं नये. उरलेली घेणाराच्या मर्जीवर सोडावी व किंमत तेवढी उतरवावी.

कागदपत्रांविषयीं मात्र भिडेस बळी पडूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, व्यवहार एकाच राज्यांतला असल्यास, विकणारानें १४ दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. त्यासाठीं नमुने २९ व ३० भरावे लागतात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी हवालीं करण्याची चाल घातक आहे. दप्तरीं ज्याचें नांव तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. गाडीचा विमा संपलेला असतांना अपघात झाला, तर भरपाईचा भार त्या नांवावर येऊन पडतो, मग गाडी कितीही हातीं फिरलेली असो.

या व्यवहारांत मला आठ हजार रुपये कमी मिळाले, हें आमच्या घरांत अधूनमधून ऐकूं येतें. तें खरेंच आहे. पण तो तरुण रोज सकाळीं त्याच गाडींतून आमच्या दारावरून जातो, आणि त्याला पाहून मला खिडकींतून बाजूस व्हावें लागत नाहीं.