दोन खाकी

लग्नसराईत माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये एक वाद रोज ठरलेला. बाई शालूचा काठ काउंटरवर पसरते, मी रुबियाचा तागा उलगडून त्याला लावते, ती म्हणते, "झालं ताई, जुळलं, कापा." कात्री हातात असूनही मी कापत नाही. ट्यूबलाइटखाली दोन्ही डाळिंबी दिसतात. दारात उन्हात नेलं की काठ डाळिंबी राहतो आणि कापड आमसुलीकडे झुकतं. रेशमाचा रंग एका रसायनाचा, सुताचा दुसऱ्या. एका उजेडात दोघांचं जमतं, दुसऱ्यात फाटतं. दारात आल्यावर बऱ्याच जणी "हो ना वं" म्हणतात. काही मात्र दोन्हीकडे आलटूनपालटून बघतात आणि म्हणतात, "मले तं एकच दिसते बापा."

खामगावात दुकान टाकलं तेव्हा वाटायचं, या बायकांना एसटी गाठायची घाई असते. त्यांना खरोखरच एक दिसत असेल, हे डोक्यात यायला फार काळ गेला. यावं तरी कसं? आपल्याला जे दिसतं, ऐकू येतं, जमतं, ते सगळ्यांनाच जमतं असं धरूनच माणूस वाढतो. माझी नणंद एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "पोरं लयच ओरडली की मी कानात ढग वाजवते, मंग काही ऐकूच येत नाही." आम्ही सगळ्या जणी थांबलो. कसले ढग? "काहून, तुमाले नाही येत?" कानाच्या पडद्याशी एक बारीक स्नायू असतो. घास चावताना तो सगळ्यांचाच आपोआप आवळतो, पण मनात येईल तेव्हा आवळणं थोड्यांनाच साधतं. मग आत गडगड होते. पन्नाशीपर्यंत ती समजत होती की दर आई हेच करते. तिला कुणी विचारलं नाही, आणि यात सांगण्यासारखं काही आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

गंमत म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण याच न विचारण्यापायी माझ्या मुलाची उमेदीची वर्षं गेली, म्हणून लिहिते आहे.

आधी वडिलांचं सांगते. ते घाटाखालचे शेतकरी, कपाशीवाले. जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलं किंवा रात्री गार पडायला लागल्या की कपाशीवर लाल्या येतो. पानाच्या कडेपासून तांबूसपणा आत सरकतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आई बांधावरूनच म्हणायची, "लाल्या पडला." बाबा शेतात उभे राहून म्हणायचे, "कुठं हाय? हिरवंगार तं हाय पीक." पानं वाळून गळायला लागली की मग त्यांना पटायचं, तोवर फवारणीची वेळ गेलेली असायची. गाव त्यांना हट्टी म्हणायचं, आईही म्हणायची. बाबा गेले ते हट्टी म्हणूनच.

अणूचा सिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन याच घोळात सापडला होता. जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आभाळी दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडं. मित्रांना विचारलं तर ते म्हणाले, रंग काही बदलत नाही. बदलतो म्हणणारा एकच निघाला, त्याचा सख्खा भाऊ. तेव्हा डाल्टनची पंचविशी उलटली होती. १७९४ साली मँचेस्टरमध्ये त्याने यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं पाणीच निळसर असावं, अशी त्याची समजूत होती आणि मेल्यावर डोळा कापून बघा असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ साली बघितला, तर पाणी स्वच्छ. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातल्या डीएनएची १९९५ साली तपासणी झाली, तेव्हा कळलं की हिरवा उजेड टिपणाऱ्या शंकूपेशींचा जनुकच त्याच्यात नव्हता. दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड, म्हणजे प्रश्न आमच्याच धंद्यातला. उत्तर मिळायला दोनशे वर्षं लागली.

माझा मुलगा जलंबच्या फलाटावर उभा राहून मुंबई-हावडा लाइनच्या गाड्या बघत वाढला. इंजिनचालकच व्हायचं, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. लेखी परीक्षा निघाली, मेडिकलला बोलावलं. तिथे ठिपक्यांचं पुस्तक उघडलं गेलं. इतरांना त्यात आकडे दिसत होते, याला नुसते ठिपके. ज्याला सिग्नल ओळखायचा आहे त्याला ही परीक्षा हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, शाळेत मी खडूवर गुंडाळलेल्या कागदावरचं नाव वाचून रंग भरायचो. कागद फाटला की शेजारच्याला विचारायचो. "मला वाटलं सगळेच वाचतात." जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो फिरत होते. आमच्या घरात याने एकट्यानेच विचारलं होतं, यात गुलाबी काय आहे? आम्ही हसलो होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिरव्याच्या शंकूपेशी आहेत, पण त्यांचं माप थोडं सरकलेलं आहे. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलाला तो आईकडूनच येतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठ जण असे निघतात, आपल्याकडे त्याहून कमी. मग त्यांनी मला विचारलं, "तुमचे वडील?" मी लाल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तेच असणार."

मुलगा दुकानात बसू लागला. जूनमध्ये गणवेशाच्या कापडाची गर्दी असते. एका व्यापाऱ्याकडची खाकी संपली म्हणून दुसऱ्याकडून मागवली आणि दोन्ही तागे शेजारी ठेवले. तो म्हणाला, "आई, हे दोन वेगळे आहेत. एकाचा शर्ट आणि दुसऱ्याची पँट देऊ नको कोणाला." मी तागे दारात नेले, उन्हात धरले, घडी घालून एकमेकांवर ठेवले. मलाही एकच! कामाला असलेल्या दोघींनाही एकच. माझा विश्वास बसेना, म्हणून मी दोन्हींचे बोटभर तुकडे कापले, मागे पेनाने खुणा केल्या, पिशवीत हलवून काउंटरवर ओतले. त्याने एकेक तुकडा उचलून दोन ढीग लावले. उलटून बघितले, एकही चुकला नव्हता. ज्या डोळ्यांना मेडिकलमध्ये नापास केलं, त्यांनी मॅचिंगवाल्या आईला तिच्याच काउंटरवर हरवलं.

पुढे वाचनात आलं की हे नवल नाही. केंब्रिजचे जॉन मॉलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिलं आहे की माप सरकलेल्या अशा डोळ्यांना रंगांच्या काही जोड्या वेगळ्या दिसतात, ज्या बाकीच्यांना हुबेहूब एक वाटतात. खाकीच्या छटा त्यातच येतात. म्हणजे हे सरसकट कमी दिसणं नाही, वेगळीकडे जास्त दिसणं आहे. फक्त त्या जास्तीची परीक्षा कुठल्याच भरतीत नाही.

आता माझं स्वतःचं. अशा मुलांच्या आयांकडे एक जनुक नेहमीचा आणि एक सरकलेला असतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत तीनऐवजी चार तऱ्हेच्या शंकूपेशी असू शकतात, असं द फ्रीस या डच शास्त्रज्ञाने १९४८ मध्येच सुचवलं होतं. न्यूकॅसलच्या गॅब्रिएल जॉर्डन यांनी अशा बायका शोधून तपासल्या. २०१० साली त्यांनी लिहिलं की २४ जणींपैकी एकीलाच खरोखर जास्त रंग वेगळे करता आले. त्यामुळे आपल्याला चौथा रंग दिसतो असं म्हणत मी गावभर हिंडणार नाही. माझा हात आणि डोळा घासून तयार झालेला आहे. दुकानातल्या पोरीही वर्षभरात पिस्ता आणि शेवाळी वेगळे करू लागतात. तरी काही जोड्या मला दिसतात, त्यांना दिसत नाहीत. त्याचं काय करायचं, मला माहीत नाही. गिऱ्हाइकाला दारात नेते, एवढंच.

रंगाची परीक्षा निघाली तीसुद्धा रेल्वेमुळेच. स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ १८७५ साली दोन गाड्यांची टक्कर झाली. कुणाला तरी सिग्नलचा रंग कळला नसावा, असा संशय उप्सालाच्या होल्मग्रेन या प्राध्यापकाला आला. त्याने रंगीत लोकरीच्या लडी टेबलावर टाकल्या आणि रेल्वेच्या नोकरांना सांगितलं, ही लड घ्या आणि हिच्याशी जुळणाऱ्या बाजूला काढा. म्हणजे मॅचिंगच. ठिपक्यांचं पुस्तक नंतर आलं, जपानी डॉक्टर इशिहारांचं, १९१७ साली, तेही सैन्यभरतीच्या कामातून. तेव्हापासून ही परीक्षा नोकरीच्या दाराशीच अडकून पडली आहे. बुलढाण्यातली शेकडो पोरं पहाटे मैदानावर पळतात, पोलीस, सैन्य, रेल्वे अशी स्वप्नं बघतात, क्लासची फी भरतात, आणि आपला डोळा कसा आहे हे त्यातल्या काहींना वजन-उंचीच्या रांगेत कळतं.

माझं मागणं छोटं आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, दात बघतं, दृष्टी तपासतं. पण तपासायच्या दोषांच्या यादीत रंगदृष्टी नाही. चौथीच्या मुलांना ते ठिपक्यांचं पुस्तक एकदा दाखवा. दर केंद्रशाळेत एक पुस्तक पुरे, केंद्रप्रमुखांनी ते गावोगाव फिरवावं. मुलामागे चार-पाच मिनिटं लागतील. औषध यावर नाही, हे खरं. पण नकाशातल्या रंगांवर मार्क कापणाऱ्या बाईंना कळेल, आईबापांना कळेल, आणि इंजिनचालकाचा फॉर्म भरण्याआधी पोराला कळेल. मुलांना उगाच न्यूनगंड येईल, असं एका शिक्षकांनी मला ऐकवलं. जन्मभर हट्टी म्हणवून घेण्यापेक्षा तो परवडला. आणि सगळी दारं काही बंद नाहीत. जून २०२० मध्येच केंद्राने नियम बदलले आणि सौम्य-मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. पुण्याच्या एफटीआयआयने अशा विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातून वगळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं.

पुस्तक आलंच तर दोन गोष्टी पाळा. ते उन्हात उघडं ठेवू नका, पानांचे रंग उडतात आणि मग चांगल्या डोळ्याचं पोरही नापास होतं. आणि परीक्षा ट्यूबलाइटखाली घेऊ नका, दिवसाच्या उजेडात वर्गाच्या दाराशी घ्या.