मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन : फी भरण्याआधी हे वाचा

झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर, बस स्टॉपच्या खांबावर किंवा हल्ली थेट मोबाइलवर ही जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. ‘मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिका. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल. घरबसल्या काम. नोकरीची १०० टक्के हमी.’ बीए, बीकॉम, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि घरी रोज ‘पुढे काय?’ विचारलं जात असेल, तर असं काही वाचून पाय थबकतोच. थांबा, चौकशी करा. पण आई-बाबांकडून फीचे पैसे मागण्याआधी या क्षेत्रात सध्या काय चाललंय, ते नीट समजून घ्या.

मुळात काम काय असतं? अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो आणि काय आढळलं, कुठलं औषध दिलं, हे बोलून रेकॉर्ड करतो. ते ऐकून त्याचा व्यवस्थित रिपोर्ट तयार करायचा, हे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. तिथे विमा कंपनीकडून पैसे मिळवायचे, तर उपचारांची लेखी नोंद लागतेच. नव्वदच्या दशकात इंटरनेटच्या जोरावर हे काम भारतात येऊ लागलं. इंग्रजी जाणणारी मुलं होती, खर्च कमी होता आणि घड्याळही आपल्या बाजूने होतं. तिकडचा डॉक्टर रात्री झोपतो तेव्हा आपल्याकडे दिवस असतो. तो सकाळी हॉस्पिटलात येईपर्यंत रिपोर्ट हजर! बंगळुरू, चेन्नई, हैदराबादबरोबर मुंबई-पुण्यातही कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या मागोमाग क्लासही. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, बोटं कीबोर्डवर. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या ताई-दादाने यावर घर चालवलंही असेल.

मग बदललं काय? तीन गोष्टी. पहिली, २००९ साली अमेरिकेने कायदा करून डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसाठी पैशांचं प्रोत्साहन दिलं. बऱ्याच नोंदी डॉक्टर स्वतःच स्क्रीनवर करू लागले. दुसरी, बोललेलं ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर सुधारत गेलं. या धंद्यातली मोठी कंपनी न्युआन्स. मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये ती सुमारे २० अब्ज डॉलरना विकत घेतली, यावरूनच अंदाज करा. तिसरी गोष्ट ताजी आहे. आता डॉक्टरने वेगळं रेकॉर्डिंग करायचीही गरज उरलेली नाही. केबिनमधलं डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून एआय स्वतःच नोंदीचा मसुदा तयार करतं.

याचा परिणाम सरळ आहे. कोऱ्या पानापासून टाइप करायचं काम आटत चाललंय. अमेरिकेचं कामगार आकडेवारी खातंही या नोकऱ्या तिथे घटतील, असंच सांगतंय. मशिनने केलेला मसुदा ऐकून दुरुस्त करायचा, ज्याला ‘एडिटिंग’ म्हणतात, ते काम मात्र आहे. पण त्याचा हिशेब वेगळा असतो. या क्षेत्रात पैसे बहुतेकदा ओळीवर मिळतात. स्पेससकट ६५ अक्षरं म्हणजे एक ओळ. आणि एडिटिंगचा ओळीमागचा दर टायपिंगपेक्षा बराच कमी असतो. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला जास्त ओळी कराव्या लागतात.

‘मग संपलंच की सगळं!’ असं म्हणायची घाई नको. कारण मशिन चुकतं आणि इथली चूक परीक्षेतल्या स्पेलिंग मिस्टेकसारखी नसते. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे वाढलेला रक्तदाब, ‘हायपोटेन्शन’ म्हणजे कमी झालेला. ऐकताना फरक एका अक्षराचा, औषध मात्र उलटं. ‘फिफ्टीन’ मिलिग्रॅमचं ‘फिफ्टी’ झालं, तर विचारायलाच नको. ‘इलियम’ नावाचं एक हाड कमरेत असतं आणि तसाच उच्चार असलेला एक भाग लहान आतड्यात. स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक. स्पेलचेक दोन्ही बरोबरच धरणार. मोडलेल्या कमरेच्या रिपोर्टमध्ये आतडं काय करतंय, हा प्रश्न पडायला शरीर माहीत असलेला माणूसच लागतो.

एआयचा आणखी एक घोळ आहे. ते न बोललेलं लिहितं. ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ हे सॉफ्टवेअर संशोधकांनी तपासलं, त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. सुमारे १ टक्का रेकॉर्डिंगमध्ये त्याने अख्खी वाक्यं किंवा वाक्यांश मनानेच घातले होते. अशी वाक्यं वाचायला अगदी खरी वाटतात. डोळ्यांवरून नुसती नजर फिरवणारा माणूस ती पकडू शकत नाही.

म्हणजे माणूस लागणार आहे. पण थोडे लागणार आणि जास्त तयारीचे लागणार. गोची इथेच आहे. क्लासची जाहिरात अजून टायपिंग स्पीड विकतेय आणि काम मागतंय शरीररचना, औषधांची माहिती, लॅब रिपोर्टची समज आणि तयार कान.

म्हणून क्लासमध्ये गेलात की बिनधास्त विचारा. खऱ्या डॉक्टरांच्या, वेगवेगळ्या उच्चारांच्या रेकॉर्डिंगवर किती तास सराव? शरीररचना आणि औषधं कोण शिकवतं? मशिनचा मसुदा तपासायला शिकवता का? कंपन्या साधारण ९८ टक्क्यांच्या वर अचूकता मागतात. तुमची मुलं तिथवर पोहोचतात का? मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलू द्याल का? नोकरीची हमी असेल तर कागदावर लिहून मागा. नंतर बिनपगारी ‘ट्रेनिंग’, बॉण्ड किंवा डिपॉझिट आहे का, तेही विचारा. आणि मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. या प्रश्नांवर समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं समजा.

त्याआधी एक फुकटातला प्रयोग करा. महिनाभर रोज तासभर वैद्यकीय शब्दांची फोड शिका. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, असं. यूट्यूबवर अमेरिकन डॉक्टरांची लेक्चर्स लावा, ऐकून लिहा, मग मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगने तेच करा आणि दोन्हींतल्या चुका मोजा. मजा आली तर पुढे जा. दहाव्या दिवशी कंटाळा आला, तर फी वाचली.

शिकलेलं वाया जाईल का? तसं नाही. हीच वैद्यकीय भाषा मेडिकल कोडिंगमध्ये, आरोग्य विम्याच्या क्लेममध्ये आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात चालते. तिथेही मशिन पोहोचलंय, हे विसरू नका. आपल्याकडेही २०२१पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे आरोग्याच्या नोंदी कागदावरून कॉम्प्युटरवर यायला लागल्यात. आपला पेशंट ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणाला, तर त्याचा अर्थ मशिनला सांगणारा मराठी माणूस कधीतरी लागेलच. पण त्या नोकऱ्या आजच तयार आहेत, असं कुणी सांगून पैसे मागितले, तर ऐकू नका.

वरच्या प्रश्नांची यादी कापून पाकिटात ठेवा. जाल तेव्हा एखाद्या मित्राला सोबत न्या आणि त्याच दिवशी फी मात्र भरू नका.