नातेवाईकाच्या रकान्यात कोणाचे नाव?

सरकारी रुग्णालयाच्या कागदावर एक रकाना असतो. नातेवाईकाचे नाव व पत्ता. गेल्या हिवाळ्यात पुलाखाली राहणाऱ्या एका वृद्धाला आमच्या कार्यकर्त्याने रिक्षात घालून रुग्णालयात नेले. पायाची जखम चिघळून तीत अळ्या पडल्या होत्या. खिडकीवरच्या माणसाने विचारले, “हा तुमचा कोण?” कार्यकर्ता गप्प राहिला. “मग आधी पोलिसांना कळवा. बेवारस माणूस असा घेत नाही.” दोन तास बाकावर गेले. शेवटी त्या पोराने रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. नाते, पुतण्या! खोटे लिहिले म्हणून वकील या नात्याने आम्ही त्याला रागवायला हवे होते. आम्हाला ते जमले नाही.

वास्तविक त्याला खोटे लिहिण्याची गरजच नव्हती. सरकारी रुग्णालयाने गरजूला वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ सालीच सांगितले आहे. उपचारासाठी पुतण्या असावा लागतो, असे कोणत्याही निकालात लिहिलेले नाही.

“तुमचा कोण?” हा प्रश्न आंबेडकरी माणसाला नवा नाही. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन जमाव आला. मित्रांनीही घरात घ्यायला असमर्थता दाखवली. गाडीची वेळ होईपर्यंत या देशातल्या एका महाविद्वानाला कमाटी बागेत बसून राहावे लागले. आमच्या उद्धारकर्त्याने बेघरपण सोसले आहे. मग फुटपाथवरचा माणूस आम्हाला परका कसा?

तो माणूस कोण आहे, हेही पाहा. दुष्काळात गाव सोडलेला भूमिहीन, कामाच्या शोधात आलेला आदिवासी, सिग्नलवर गजरे विकणारी पारधी बाई. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतला संशय रद्द झाला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांवर माणसे बेघर म्हणून मोजली गेली. तीही एका रात्रीत दिसली तेवढीच!

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त आम्ही एका मोठ्या स्टेशनबाहेर आरोग्य शिबिर घेतले. बॅनर लावला, डॉक्टर आणले, गोळ्या वाटल्या, फोटो काढले. महिनाभर खोकणाऱ्या एका बाईला थुंकी तपासून घ्यायची चिठ्ठी दिली आणि बॅनर गुंडाळून घरी गेलो. तीन आठवड्यांनी तिची आठवण झाली. तोवर कारवाई होऊन तिथली बिऱ्हाडे उठली होती. ती बाई कुठे गेली, तिचे काय झाले, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. त्या शिबिराचा फोटो मात्र आमच्या कार्यालयात लटकतो आहे.

क्षयरोगाचे औषध सहा महिने घ्यावे लागते, शिबिर सहा तासांचे असते. गोळी सरकार फुकट देते, पण रोज ती पोटात गेली की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते. निक्षय पोषण योजनेचे २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये बँकेच्या खात्यात जमा होतात. ज्याला पत्ता नाही त्याचे खाते कोण उघडून देणार? म्हणून आमचे म्हणणे असे, की घोंगड्या वाटा, पण तिथे थांबू नका. एक विहार, एक पूल, एक वही. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास. वहीत प्रत्येकाचे नाव, आजार, औषधाची तारीख आणि अडलेला कागद.

कागदाचे काम आमच्या वकील बंधू-भगिनींनी घ्यावे. बेघराचेही नाव मतदार यादीत येते. बीएलओने रात्री जाऊन तो तिथेच झोपतो याची खात्री केली, की निवासाचा दुसरा पुरावा लागत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही आणि बेघर मनोरुग्णाचे उपचार मोफत आहेत, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायम निवारा, असा निकष घातला होता. आपल्या शहरात किती निवारे झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

आणि १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा विसरू नका. उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि रस्त्यावर वावरतो, एवढ्यावरून माणसाला भिकारी ठरवता येते. वॉरंटविना अटक होते, पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षे डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. हा कायदा ज्या मुंबईत जन्मला, तिथे तो अजून उभा आहे. गरिबीलाच गुन्हा ठरवणाऱ्या या कायद्याविरुद्ध आपल्या मोर्चात एकतरी फलक असतो काय?

काहीजण म्हणतील, हे समाजसेवेचे काम आहे, चळवळीचे नव्हे. त्यांनी तथागतांची ती गोष्ट आठवावी. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूकडे संघातले कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला विचारले, तुम्हाला आई-बाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? मैत्री आणि करुणा यांचा अर्थ असा हाताने करायचा असतो.

आपल्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, वकील आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. बाबासाहेबांच्या पुण्याईने प्रत्येकाच्या दारावर नावाची पाटी लागली. ते नाव आठवड्यातून एकदा रुग्णालयाच्या त्या रकान्यात लिहायची तयारी ठेवा. नाते काय, असे विचारले तर खोटे सांगू नका. सांगा, बंधुत्वाचे. संविधानाच्या उद्देशिकेत ते नोंदलेले आहे.

जयभीम!